मराठी विकिपीडियावर संपादनावरून वाद झाला तर: मुंबईतल्या संपादकांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान मुख्यतः मुंबई आणि आसपासच्या विषयांवरचे लेख लिहिणाऱ्यांसाठी आहे. स्टेशनांची नावं, लोकसंख्येचे आकडे, चळवळींचा इतिहास, पुढाऱ्यांची चरित्रं, बहुतेक वाद इथेच पेटतात. उत्तरं मराठी विकिपीडियाला धरून दिली आहेत. इंग्लिश विकिपीडियाचा नियम सांगितला आहे तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे.

माझं संपादन कुणीतरी उलटवलं. आता काय करायचं?

उलटवणं म्हणजे तुमचा बदल काढून मजकूर पूर्वीसारखा करणं. लगेच परत उलटवू नका. लेखाच्या वर 'इतिहास' हा दुवा असतो. तिथे तुमची आवृत्ती आणि तिच्यानंतरची आवृत्ती निवडून दोन्हींतला फरक पाहा. कधी लक्षात येतं की तुमचं संपादन पूर्ण गेलेलंच नाही, फक्त एक ओळ काढली आहे. कधी उलट होतं: समोरच्याचा आक्षेप एकाच वाक्यावर असतो, पण एका झटक्यात उलटवताना तुम्ही दुरुस्त केलेलं शुद्धलेखन, जोडलेला वर्ग, बदललेलं चित्र हेही सगळं जातं. हा दुसरा प्रकार फार घडतो आणि राग येतो तो बहुधा त्याचाच. पाच वेगवेगळ्या दुरुस्त्या एकाच वेळी प्रकाशित केल्या की नको असलेली एक तेवढी वेगळी काढणं समोरच्याला कटकटीचं होतं. म्हणून ज्या बदलावर कुणी हरकत घेईल असं वाटतं तो बदल नेहमी वेगळा, एकटा प्रकाशित करा.

त्यानंतर उलटवणाऱ्याचा संपादन सारांश, म्हणजे बदलाबरोबर लिहिलेली छोटी टीप, वाचा. 'संदर्भ नाही' असं लिहिलं असेल तर संदर्भ जोडून मजकूर परत घाला. याला संपादनयुद्ध, म्हणजे एकमेकांचे बदल उलटवत राहणं, म्हणत नाहीत, उलट तेच अपेक्षित आहे. 'जाहिरात' किंवा 'तटस्थ नाही' असं असेल तर वाक्य बदलून पाहा, कारण तेच वाक्य पुन्हा घालून काही साधत नाही. सारांश कोराच असेल तर लेखाला जोडलेल्या चर्चापानावर कारण विचारा आणि निदान एक दिवस थांबा. मराठी विकिपीडियावर रोज न येणारे संपादक बरेच आहेत. रात्री अकराला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सकाळी नऊपर्यंत आलं नाही याचा अर्थ समोरचा टाळतो आहे असा होत नाही.

चर्चापानावर नेमकं काय लिहायचं?

संयुक्त महाराष्ट्र चळवळीतल्या हुतात्म्यांच्या संख्येचं उदाहरण घेऊ. १०५, १०६ आणि १०७ असे तिन्ही आकडे छापील मजकुरात सापडतात, त्यामुळे हा वाद पुन्हा पुन्हा उकरला जाण्यासारखा आहे. चर्चापानावरचा उपयोगी मजकूर असा दिसतो:

'हुतात्म्यांची संख्या, दुसरा परिच्छेद
नमस्कार. दुसऱ्या परिच्छेदात सध्या "१०५ जण हुतात्मा झाले" असं आहे. मी ते १०६ केलं होतं, ते उलटवलं गेलं. माझ्याकडचा संदर्भ: पुस्तकाचं नाव, प्रकाशक, आवृत्तीचं वर्ष, पृष्ठ क्रमांक. माझा प्रस्ताव: "या आंदोलनातील हुतात्म्यांची संख्या वेगवेगळ्या नोंदींत १०५, १०६ व १०७ अशी दिली आहे" असं वाक्य ठेवून प्रत्येक आकड्याला त्याचा संदर्भ द्यावा. १०५ हा आकडा कोणत्या यादीवरून घेतला आहे ते सांगाल का? ~~~~'

यात पाच गोष्टी आहेत: कोणता परिच्छेद, आत्ताचं वाक्य, तुमचं वाक्य, पृष्ठ क्रमांकासह संदर्भ आणि ज्याचं उत्तर देता येईल असा एक प्रश्न. वाद एका वाक्यावर आणता आला की तो निम्मा मिटतो, कारण मग दोघांनाही त्या वाक्याबद्दलच बोलावं लागतं. 'अमुक सदस्याची मनमानी' असं शीर्षक दिलेला विभाग वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो आणि लेखात काडीचा फरक पडत नाही.

सही चार नागमोडी चिन्हांनी (~~~~) करा. समोरच्या सदस्याला सूचना जावी म्हणून त्याच्या नावाचा दुवा द्यायचा असेल तर दुवा आणि सही एकाच संपादनात हवी. सही विसरून ती नंतर वेगळ्या संपादनात जोडली तर सूचना जातच नाही. 'मी साद घातली होती, उत्तर दिलं नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं.

२४ तासांत तीनदा उलटवण्याचा नियम काय आहे? तीनपर्यंत चालतं का?

चालत नाही. इंग्लिश विकिपीडियाचा नियम असा: एकाच पानावर एका संपादकाने २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलं तर ब्लॉक, म्हणजे संपादनाला बंदी, होऊ शकतो. प्रत्येक वेळी वेगळा मजकूर उलटवला तरी मोजणी एकत्र होते. दुसऱ्याने केलेला बदल हाताने टंकून पूर्वीसारखा केला तरी ते उलटवणंच धरतात. तीन हा आकडा म्हणजे कुणाचा हक्क नाही. रोज दोनदा असं आठवडाभर उलटवत राहणारा सदस्यही संपादनयुद्धासाठी ब्लॉक होतो. उघड उत्पात, प्रताधिकाराचा भंग आणि जिवंत व्यक्तीविषयी विनासंदर्भ बदनामीकारक मजकूर काढणं याला अपवाद आहे.

मराठीवर प्रचालक (ॲडमिन) थोडे आहेत, घड्याळ लावून कुणी बसलेलं नसतं. तेव्हा आकड्यावर बोट ठेवून वाद घालू नका. एकदा उलटवलं, समोरच्याने परत उलटवलं, की तिसरं संपादन चर्चापानावर व्हायला हवं.

उत्पात कशाला म्हणायचं?

पान कोरं करणं, शिव्या, मुद्दाम खोटी तारीख घालणं, स्वतःचा मोबाइल नंबर टाकणं हा उत्पात. चुकीचा पण प्रामाणिक बदल, एकांगी लेखन, कमकुवत संदर्भ, न पटणारं शुद्धलेखन यातलं काहीही उत्पात नाही. मतभेदाला सारांशात 'उत्पात' म्हटलं की समोरचा दुखावतो, आणि पुढे खरा उत्पात झाल्यावर तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. नवख्याने कच्चं काही लिहिलं असेल तर 'संदर्भ हवा' हा साचा (तयार सूचना) लावून त्याच्या चर्चापानावर दोन ओळी लिहा.

दोन विश्वासार्ह संदर्भ दोन वेगळे आकडे देतात. कोणता ठेवायचा?

आधी दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत का ते तपासा. मुंबईच्या लोकसंख्येवरून होणारी ओढाताण याचा नमुना आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १,२४,४२,३७३ आहे. त्यात मुंबई शहर जिल्ह्याचे ३०,८५,४११ आणि मुंबई उपनगर जिल्ह्याचे ९३,५६,९६२. महापालिकेच्या हद्दीबाहेरची शहरं धरून होणारा नागरी समूह १ कोटी ८४ लाखांच्या आसपास जातो. म्हणजे चार आकडे, चारही बरोबर, आणि एकमेकांच्या जागी घातले की चारही चूक. माहितीचौकटीत, म्हणजे लेखाच्या कडेच्या तक्त्यात, आकड्याशेजारी 'महापालिका क्षेत्र, २०११' असं लिहिलं की पुढच्या माणसाला तो 'दुरुस्त' करण्याचं कारणच उरत नाही. अंदाजे चालू लोकसंख्या देणारी खासगी संकेतस्थळं जनगणनेच्या जागी वापरू नका.

आकडे खरोखरच एकाच गोष्टीचे असतील आणि संदर्भही तोडीस तोड असतील, तर दोन्ही द्या आणि कोण काय म्हणतं ते सांगा. निवाडा करणं हे विकिपीडियाचं काम नाही.

मग प्रत्येक मताला सारखीच जागा द्यायची का?

नाही. तटस्थता म्हणजे समसमान वाटणी असा गैरसमज फार पसरला आहे. अभ्यासकांच्या लेखनात ज्या मताला जितकं स्थान आहे तितकं लेखात द्यायचं. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचं पाहा. फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी जेधे शकावलीत आहे आणि राज्य शासन १९ फेब्रुवारीलाच जयंती साजरी करतं. वैशाख शुद्ध द्वितीया शके १५४९, म्हणजे १६२७ सालची तिथी, ही पूर्वी बराच काळ प्रचलित होती. माहितीचौकटीत आज सर्वत्र स्वीकारलेली तारीख यावी आणि तिथीचा वाद मजकुरात संदर्भांसह वेगळा सांगावा. चौकटीत दोन्ही कोंबल्या तर वाचकाला काहीच कळत नाही. दुसरी मजकुरातूनही काढून टाकली तर इतिहासलेखनातला खरा वाद लपतो. शासनाची तारखेची जयंती आणि काही संघटनांची तिथीची जयंती अशा दोन्ही वेळी या पानावर नव्या खात्यांची वर्दळ होणार हे धरून चाला. चर्चापानावर आधीची चर्चा वर चिकटवून ठेवली असेल तर दर वर्षी तेच उत्तर नव्याने लिहावं लागत नाही.

वर्तमानपत्रात छापून आलंय, तरी संदर्भ नाकारला. का?

एक कारण असं की बातमीच विकिपीडियावरून उचललेली असू शकते. लेखात कुणी २०१४ मध्ये संदर्भाशिवाय वाक्य घातलं, २०१९ मध्ये एका पुरवणीत ते जसंच्या तसं आलं, आणि आता तीच पुरवणी संदर्भ म्हणून जोडली जाते आहे. हे चक्र तोडण्यासाठी वाक्य लेखात कधी आलं ते शोधायचं. इतिहासाच्या पानावरून विकिब्लेम हे साधन उघडतं, त्यात वाक्यातले तीन-चार वेगळे शब्द टाकले की ते कोणत्या संपादनात पहिल्यांदा आले ते सापडतं. वाक्य बातमीच्या आधीचं असेल आणि शब्दरचना तीच असेल तर तो संदर्भ बाद.

मुंबईच्या इतिहासासाठी पुरवण्यांवर अवलंबून राहायची गरजही नाही. १९०९-१० मध्ये तीन खंडांत निघालेलं मुंबई शहर व बेटाचं गॅझेटिअर प्रताधिकारमुक्त आहे आणि स्कॅन केलेलं मिळतं. ते वसाहतकाळातलं सरकारी लेखन आहे हे मात्र लक्षात ठेवा: रस्ते, गोदी, कापडगिरण्या यांसाठी उत्तम, पण जातीजमातींच्या वर्णनासाठी तेवढ्यावर विसंबू नका. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आणि फोर्टातली एशियाटिक सोसायटी इथे जुनी मराठी पुस्तकं सापडतात. पुस्तक हाती आलं की मुखपृष्ठ, श्रेयनामाचं पान आणि संबंधित पृष्ठ एवढ्याची नोंद करून घ्या. पृष्ठ क्रमांक नसलेला संदर्भ वादात लंगडा पडतो, कारण समोरच्याला तो तपासता येत नाही.

मराठी विश्वकोश संदर्भ म्हणून चांगला आहे, पण त्यातले परिच्छेद उचलून चिकटवता येत नाहीत. असा मजकूर काढणाऱ्याशी वाद घालू नका, त्याचं बरोबर आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत प्रताधिकार राहतो, आणि सरकारी प्रकाशनांना प्रसिद्धीपासून ६० वर्षं.

लेखाच्या शीर्षकावरून भांडण आहे. जुनं नाव की नवं?

मुंबईकरांना या प्रश्नातून सुटका नाही, म्हणून जरा तपशिलात जाऊ.

पहिली गोष्ट, शीर्षक एकच असतं पण पुनर्निर्देशनं कितीही करता येतात. 'व्हीटी', 'व्हिक्टोरिया टर्मिनस', 'सीएसटी' यातलं काहीही शोधलं तरी वाचक छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या लेखावर पोचायला हवा. 'माझं नाव पुसून टाकलं' ही भावना पुष्कळदा फक्त पुनर्निर्देशन नसल्यामुळे येते. ते बनवायला एक मिनिट लागतं.

दुसरी गोष्ट, लेखाचं शीर्षक आणि मजकुरातलं नाव यांचे निकष वेगळे आहेत. मजकुरात घटनेच्या काळातलं नाव वापरणं सगळ्यात सुरक्षित. ही इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली तेव्हा ती व्हिक्टोरिया टर्मिनस होती. १९९६ मध्ये छत्रपती शिवाजी टर्मिनस झाली, २००४ मध्ये त्याच नावाच्या काळात युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, आणि 'महाराज' हा शब्द २०१७ मध्ये जोडला गेला. म्हणून २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या लेखात 'छत्रपती शिवाजी टर्मिनस (आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस)' असं पहिल्या उल्लेखात लिहावं. तसंच २९ सप्टेंबर २०१७ ची चेंगराचेंगरी एल्फिन्स्टन रोड स्थानकावर झाली. त्याचं प्रभादेवी हे नाव जुलै २०१८ मध्ये आलं. त्या लेखातली सगळी नावं एका फटक्यात बदलणारा सदस्य वाईट हेतूने करत नाही, पण त्यामुळे २०१७ च्या बातम्यांचे संदर्भ आणि लेखातला मजकूर यांचा मेळ तुटतो. चर्चापानावर हेच कारण द्या, ते पटतं.

इंग्लिश विकिपीडियावर पोलंडमधल्या ग्दान्स्क शहराच्या नावावरून झालेला दीर्घ वाद २००५ मध्ये अशाच काळाच्या निकषावर मिटवला गेला: ठरावीक शतकांसाठी जर्मन नाव, बाकीच्या काळासाठी पोलिश.

तिसरी गोष्ट, संस्थेचं नाव शहराबरोबर आपोआप बदलत नाही. १९९५ मध्ये इंग्रजीतही शहराचं नाव मुंबई झालं, पण आयआयटी बॉम्बे आणि १८८३ ची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी यांची अधिकृत नावं तशीच राहिली. उच्च न्यायालय इंग्रजीत बॉम्बे, मराठीत मुंबई. अशा ठिकाणी संस्था स्वतः मराठीत काय लिहिते ते पाहा आणि तो संदर्भ द्या.

चौथी गोष्ट बेळगावसारख्या नावांची. कर्नाटक सरकारने २०१४ मध्ये बेळगावी हे नाव अधिकृत केलं, मराठी वाचक आणि मराठी वर्तमानपत्रं मात्र बेळगाव लिहितात. मराठी विकिपीडियाच्या शीर्षकात मराठीत रूढ असलेलं नाव आणि पहिल्याच ओळीत अधिकृत नाव, हा तोडगा टिकतो. सीमाप्रश्नावरची आपली भूमिका शीर्षकातून मांडायचा मोह दोन्ही बाजूंनी टाळायला हवा.

स्थानांतरण, म्हणजे लेखाचं शीर्षक बदलणं, करण्याआधी चर्चापानावर प्रस्ताव ठेवा आणि सात दिवस द्या. पान पुढे-मागे हलवण्याचं युद्ध साध्या संपादनयुद्धापेक्षा वाईट, कारण त्यात दुहेरी पुनर्निर्देशनं (एका पुनर्निर्देशनावरून दुसऱ्यावर नेणारी) तयार होतात, चर्चापान कधी मागेच राहतं आणि निस्तरायला प्रचालक लागतो.

एकाच विषयावर दोन लेख तयार झाले आहेत आणि दोघेही आपला मूळ म्हणतात. हे कसं होतं?

बऱ्याचदा कळफलकामुळे. अँटॉप हिल घ्या: अँटॉप, ॲंटॉप, अ‍ॅन्टॉप अशी रूपं दिसतात. त्यातही 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ मध्ये आलं. त्याआधीचे आणि आजचेही काही कळफलक अ, मग एक अदृश्य जोडचिन्ह, मग चंद्र असं टाइप करतात. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी. 'ऱ्या'चंही तेच आहे. त्यामुळे शोधात लेख सापडत नाही आणि माणूस प्रामाणिकपणे नवा तयार करतो.

इथे कोण बरोबर हा प्रश्नच नाही. इतिहासात जो लेख आधीचा आहे तो ठेवा, दुसऱ्यातला जास्तीचा मजकूर त्यात आणा, सारांशात 'अमुक पानावरून मजकूर आणला' असं लिहा आणि दुसरं पान पुनर्निर्देशित करा. सारांशातली ती नोंद गाळू नका, कारण परवान्यानुसार मूळ लेखकांचं श्रेय तिच्यामुळेच टिकतं.

ऱ्हस्व-दीर्घाच्या वादात मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे आणि १९७२ मध्ये वाढवलेले मिळून १८ नियम हा आधार आहे. व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या नावात मात्र ती व्यक्ती किंवा संस्था स्वतः जे लिहिते तेच ठेवायचं.

'महाराज', 'साहेब', 'जी' लावायचं की नाही?

मराठीत आदरार्थी बहुवचन हे भाषेचं साधं रूप आहे. 'त्यांचा जन्म झाला' असंच लिहायचं, 'त्याचा' असं लिहिण्याचा हट्ट तटस्थतेच्या नावाखाली धरू नये. साहेब, जी, माननीय, वंदनीय ही विशेषणं मात्र काढावीत. नावाचाच भाग झालेला शब्द राहतो: शिवाजी महाराज, संत तुकाराम. काढताना सारांशात 'अनादर नाही, विकिपीडियाची लेखनशैली' असं लिहिलं तर पुढचा अर्धा वाद टळतो.

चर्चेला कुणी येतच नाही. किती थांबायचं?

लहान विकिपीडियाची खरी अडचण भांडणापेक्षा शांतता ही आहे. प्रस्ताव टाकून सात दिवस थांबा. मध्यंतरी लेखाच्या इतिहासातून ज्यांनी त्या लेखात भरीव काम केलं आहे अशा दोघा-तिघांना साद घाला, मग ते तुमच्या मताचे असोत वा नसोत. चावडीवर, म्हणजे सगळ्या संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर, एका ओळीत दुवा द्या. तरीही काही आलं नाही तर बदल करा आणि सारांशात 'चर्चापानावरील प्रस्तावाप्रमाणे, सात दिवसांत हरकत नाही' असं लिहा. नंतर कुणी हरकत घेतली तर 'आता उशीर झाला' म्हणू नका, चर्चा पुन्हा सुरू करा.

कौल लावून निकाल का नाही लावत?

धोरण, प्रचालकपदाची विनंती, पान ठेवायचं की काढायचं, यासाठी कौल ठीक आहे. पण एखादी गोष्ट घडली की नाही हे मतदानाने ठरत नाही. एका बाजूला पृष्ठ क्रमांकासह एक ग्रंथ आणि दुसऱ्या बाजूला बारा 'पाठिंबा' असतील तर ग्रंथाचं पारडं जड असायला हवं. इंग्लिशवर अशा अडलेल्या प्रश्नासाठी बाहेरच्या संपादकांची मतं मागवण्याची पद्धत आहे, ती साधारण ३० दिवस खुली राहते आणि शेवटी मुद्द्यांचं वजन पाहून निष्कर्ष लिहिला जातो, डोकी मोजून नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर मित्रांना 'येऊन पाठिंबा द्या' म्हटलं तर?

हे करू नका. कालच तयार झालेली, फक्त त्याच पानावर येणारी आणि सारखंच वाक्य लिहिणारी खाती लगेच ओळखू येतात. ती खरोखर वेगवेगळ्या माणसांची असली तरी त्यांना एकाच बाजूची बाहुली धरलं जातं आणि तुमचा चांगला मुद्दाही वाया जातो.

दुसऱ्यावर असा आरोप करतानाही सांभाळून. मुंबईत मोबाइल डेटावर हजारो ग्राहक एकाच अंकपत्त्यामागून (आयपी ॲड्रेस) येतात आणि महाविद्यालयाच्या वायफायवर अख्खा वर्ग. पत्ता जुळला म्हणून माणूस एक असं होत नाही. संशय असेल तर दोन्ही खात्यांची वेळ, लेख, भाषेच्या लकबी असे फरकांचे दुवे जमवा आणि चावडीवर प्रचालकांना द्या. खात्यांच्या अंकपत्त्यांची तांत्रिक तपासणी चेकयूजर हा खास अधिकार असलेलेच करतात. स्थानिक चेकयूजर नसतील तिथे मेटावर (सगळ्या विकी प्रकल्पांचं सामायिक संकेतस्थळ) स्टुअर्डकडे, म्हणजे सगळ्या विकींवर अधिकार असलेल्या सदस्यांकडे, विनंती करतात. तपासणीची माहिती सुमारे तीन महिनेच साठवलेली असते, म्हणून वर्षापूर्वीचं प्रकरण तिथे नेऊन उपयोग नाही.

आमच्या कार्यशाळेत मुलांची खातीच तयार होईनात, आणि लेख भराभर उलटवले गेले.

दोन वेगळ्या अडचणी आहेत. एका अंकपत्त्यावरून २४ तासांत सहाच खाती उघडता येतात, सातव्याला अडवलं जातं. खाती आदल्या दिवशी घरून उघडायला सांगा, किंवा मर्यादा शिथिल करण्याची विनंती बरेच दिवस आधी करा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या सकाळी ऐनवेळी धावाधाव करून काही होत नाही.

उलटवण्यामागे बहुधा यंत्रानुवाद किंवा चिकटवलेला मजकूर असतो. तासाभरात तीस अर्धवट लेख आले की गस्त घालणाऱ्या दोन-तीन संपादकांना ते उत्पातासारखेच दिसतात. चावडीवर तारीख, संस्था आणि समन्वयकाचं सदस्यनाम आधी कळवा. मुलांना नवे लेख देण्याऐवजी असलेल्या लेखांना संदर्भ जोडायला द्या. सुरुवात धूळपाटीवर (सरावाचं पान) करा.

प्रचालकाने चुकीची आवृत्ती सुरक्षित केली. तो समोरच्याच्या बाजूचा आहे का?

पान सुरक्षित करताना त्या क्षणी जी आवृत्ती असेल तीच गोठते. ती बरोबर असल्याचा तो दाखला नाही. सुरक्षा आहे तोवर चर्चापान खुलं असतं, तिथे सहमती झाली की तोच प्रचालक बदल करून देतो.

प्रचालकाकडे ब्लॉक करणं, सुरक्षित करणं आणि पान काढणं ही साधनं असतात. मजकुरात त्याचं मत इतर कुणाइतकंच. स्वतः ज्या वादात उतरला आहे त्यात त्याने ही साधनं वापरू नयेत, दुसऱ्या प्रचालकाला सांगावं. तसं झालं नाही असं वाटलं तर फरकांच्या दुव्यांसह चावडीवर प्रचालकांना निवेदन द्या. तिथेही मार्ग निघाला नाही आणि प्रश्न वागणुकीचा असेल तर विकिमीडियाची वैश्विक आचारसंहिता आहे, तिच्या समितीकडे मेटावर जाता येतं. इंग्लिश विकिपीडियावर २००४ पासून लवाद समिती आहे. मराठीवर तशी समिती नाही, आणि इंग्लिशची समिती मराठीतले वाद ऐकत नाही. चित्राचा वाद कॉमन्सवर (चित्रांचा सामायिक साठा), विकिडेटातल्या (माहितीचा सामायिक साठा) नोंदीचा वाद विकिडेटावर.

मी ज्या संस्थेत काम करतो तिच्या लेखातली टीका काढू शकतो का?

थेट काढू नका. चर्चापानावर नातं सांगा, कोणतं वाक्य का चूक आहे ते संदर्भासह मांडा आणि दुसऱ्या कुणाला बदल करू द्या. पैसे घेऊन संपादन करत असाल तर नोकरी देणारा, ज्याच्यासाठी काम चाललं आहे तो आणि त्या कामाशी असलेला तुमचा इतर संबंध उघड करणं २०१४ पासून वापराच्या अटींनुसार बंधनकारक आहे. प्रभागातल्या नगरसेवकाचा किंवा बांधकाम व्यावसायिकाचा लेख लिहून देणाऱ्या जाहिरात संस्थांनाही हे लागू आहे. संदर्भ नसलेला बदनामीकारक आरोप मात्र कुणीही, लगेच काढावा.

समोरचा पोलिसांची, कोर्टाची धमकी देतोय. किंवा माझं खरं नाव उघड केलंय.

नाव, पत्ता, कामाचं ठिकाण उघड केलं असेल तर चर्चापानावर त्याविषयी लिहू नका, त्याने तो मजकूर आणखी लोकांच्या नजरेस पडतो. प्रचालकाला किंवा स्टुअर्डला खासगी ईमेल करा. आवृत्ती इतिहासातूनही लपवता येते. जीविताला धोका वाटत असेल तर आधी पोलीस, मग विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनची आणीबाणीची सोय.

कायद्याची भीती पोकळ नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये संभाजी महाराजांवरच्या इंग्लिश लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर या सरकारी यंत्रणेने फाउंडेशनला नोटीस पाठवली होती. एएनआय या वृत्तसंस्थेच्या दाव्यात, २०२४ मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयात संपादकांची माहिती मागितली गेली. त्या खटल्यावरचं पान काढण्याचा आदेशही झाला होता, तो मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. अशा विषयांवर लिहिताना प्रत्येक वाक्याला संदर्भ द्या, संदर्भाच्या शब्दांपलीकडे जाऊ नका आणि मत ज्याचं आहे त्याच्या नावावर ठेवा. सदस्यपानावर खरं नाव, महाविद्यालय, राहण्याचा भाग लिहिण्याची सक्ती नाही.

तुम्ही स्वतः मात्र 'कोर्टात खेचीन' असं लिहू नका. इंग्लिश विकिपीडियावर धमकी मागे घेईपर्यंत ब्लॉक होतो.

मला ब्लॉक केलं. आता?

स्वतःचं चर्चापान सहसा खुलं असतं, विनंती तिथेच करा. तीन गोष्टी लिहा: कोणत्या संपादनांमुळे ब्लॉक झाला हे समजलं आहे, पुढे काय करणार नाही, आणि परतल्यावर कोणत्या लेखावर काय काम करायचं आहे. समोरच्या सदस्याने काय केलं ते विनंतीत लिहू नका, ते वाचणाऱ्या प्रचालकाला तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. ठरावीक मुदतीचा ब्लॉक असेल तर थांबणं सोपं. त्या दिवसांत ग्रंथालयात जाऊन अडलेल्या वाक्याचा पृष्ठ क्रमांक शोधून ठेवा. लॉगआउट होऊन किंवा दुसऱ्या खात्यावरून संपादन केलंत तर ब्लॉकची मुदत सहसा नव्याने सुरू होते.